कंपनी बदललीय, औषध तेच : ब्युप्रोपिऑन एक्सएल ३०० मिलिग्रॅमचं प्रकरण (२००६ ते २०१३)

औषधांच्या दुकानात हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. 'कंपनी बदललीय, औषध तेच आहे.' बहुतेक वेळा ते खरंच असतं. अमेरिकेत मात्र २००६च्या डिसेंबरपासून २०१२च्या ऑक्टोबरपर्यंत, नैराश्यावरच्या एका गोळीबाबत ते खरं नव्हतं. ज्यांनी ते अंगावरून ओळखलं आणि कळवलं, त्यांच्या तक्रारीचं कारण त्यांच्या आजारातच शोधलं गेलं.

या प्रकरणातले रुग्ण सरकारी नोंदीतही नावाशिवायच आहेत, म्हणून इथेही तसेच. अधिकाऱ्यांचा उल्लेख संस्थेच्या नावाने केला आहे. कंपन्या, तारखा आणि निर्णय सार्वजनिक नोंदीतले आहेत.

पार्श्वभूमी

ब्युप्रोपिऑन हा रेणू १९६९ साली बरोज वेलकम या कंपनीत नरिमन मेहता यांनी बनवला. पेटंट १९७४ साली मिळालं. १९८५च्या डिसेंबरअखेर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, त्याला नैराश्यासाठी मान्यता दिली. वेलब्युट्रिन हे नाव तेव्हाचं. पुढच्याच वर्षी औषध बाजारातून मागे घ्यावं लागलं, कारण त्या वेळच्या मोठ्या मात्रेत काही रुग्णांना फिट्स येत होत्या. फिटचा धोका मात्रेबरोबर वाढतो हे स्पष्ट झाल्यावर १९८९मध्ये दिवसाला जास्तीत जास्त ४५० मिलिग्रॅम अशी मर्यादा घालून ते परत आलं.

फिट्सची ही भीती लक्षात ठेवावी. वीस वर्षांनंतरच्या चुकीचं मूळ तिच्यात आहे.

औषध रक्तात एकदम न चढता हळूहळू चढावं म्हणून आधी दिवसातून दोनदा घ्यायची एसआर गोळी आली (१९९६) आणि मग दिवसातून एकदाच घ्यायची एक्सएल (२००३). एक्सएल बनवायची कॅनडाची बायोवेल कंपनी आणि अमेरिकेत विकायची ग्लॅक्सोस्मिथक्लाइन. विक्री वर्षाला एक अब्ज डॉलरांच्या वर गेली होती.

'पेटंट संपलं' असं आपण एका तारखेसारखं बोलतो. प्रत्यक्षात इथे रेणूचं पेटंट केव्हाच संपलं होतं. उरली होती ती गोळीच्या घडणीची पेटंटं, म्हणजे औषध गोळीतून किती वेळात आणि कसं बाहेर पडतं त्याची. जेनेरिक कंपन्यांनी मांडलेला मुद्दा साधा होता. आमची गोळीही दिवसभर पुरते, पण ती वेगळ्या रीतीने बनवली आहे, त्यामुळे तुमच्या पेटंटला आम्ही हात लावलेला नाही. २००६च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयाने अँचेन या कंपनीच्या बाबतीत हे मान्य केलं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्या गोष्टीचा पीळ इथेच आहे. पेटंटमधून सुटायचं तर गोळी वेगळी असल्याचं न्यायालयाला पटवायचं, आणि विक्रीची परवानगी हवी तर तीच गोळी सारखी असल्याचं एफडीएला पटवायचं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. घडण वेगळी आणि रक्तात मिळणारं औषध सारखं, असं रोज होतं. पण मग 'सारखं' हा भाग मोजून दाखवण्याची जबाबदारी वाढते.

मूळ गोळीत औषधाचा साठा एका पडद्यात बंद होता आणि औषध त्या पडद्यातून झिरपायचं. इम्पॅक्स कंपनीने बनवलेल्या जेनेरिक गोळीत औषध एका चिवट लगद्यात मिसळलेलं होतं आणि ते त्यातून सुटत जायचं. अमेरिकेच्या १९८४च्या हॅच-वॅक्समन कायद्याप्रमाणे पेटंटला आव्हान देऊन पहिला अर्ज करणाऱ्याला १८० दिवस एकट्याने जेनेरिक विकण्याचा हक्क मिळतो. तो हक्क अँचेनकडे होता. कंपन्यांमधल्या करारातून अँचेनने वाट मोकळी केली, आणि डिसेंबर २००६मध्ये इम्पॅक्सची ३०० मिलिग्रॅमची गोळी तेवा कंपनीने 'ब्युडेप्रिऑन एक्सएल' या नावाने बाजारात उतरवली.

अमेरिकेत औषध बदलतं ते रुग्णाला न विचारता. एफडीएच्या यादीत जेनेरिकला 'एबी' शेरा असला, की केमिस्ट मूळ औषधाऐवजी ते देऊ शकतो. डॉक्टरने 'लिहिलं तेच द्या' असं नमूद केलं तरच थांबतो. विमा कंपन्याही महागड्या ब्रँडसाठी रुग्णाच्या खिशातून जास्त पैसे काढतात. त्यामुळे हजारो लोकांच्या घरी एका महिन्यात एक गोळी आणि पुढच्या महिन्यात दुसरी, असं झालं. अनेकांना ते डबी उघडल्यावर कळलं.

पहिला निर्णय : न मोजलेली मात्रा

जेनेरिकला मोठ्या क्लिनिकल चाचण्या कराव्या लागत नाहीत. बायोइक्विव्हॅलन्सची चाचणी लागते. साधारण दोन-तीन डझन निरोगी माणसांना एकदा मूळ गोळी आणि एकदा जेनेरिक देऊन, ठरावीक वेळाने रक्त काढून दोन गोष्टी बघतात : रक्तातलं शिखर किती उंच गेलं, आणि एकूण औषध किती पोचलं. दोन्हींचं मूळ औषधाशी गुणोत्तर, त्याच्या सांख्यिकी अनिश्चिततेसकट, ८० ते १२५ टक्क्यांच्या चौकटीत बसावं लागतं.

या चौकटीबद्दल एक गैरसमज आपल्याकडचे डॉक्टरसुद्धा बोलून दाखवतात, की जेनेरिकमध्ये वीस टक्के औषध कमी चालतं. तसं नाही. चौकटीत सरासरी नुसती शिरून भागत नाही, तिच्या दोन्ही बाजूंचा अनिश्चिततेचा पट्टाही आत मावावा लागतो. म्हणून सरासरी शंभराच्या आसपासच राहते. एफडीएने १९९६ ते २००७ या काळातल्या २०७० अभ्यासांचा हिशेब केला, तेव्हा एकूण औषधातला सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या जवळ आणि शिखरातला साडेचार टक्क्यांच्या आत निघाला. जेनेरिकची पद्धत मोडीत काढावी असं या लेखात काही नाही. उलट पद्धत चांगली आहे, म्हणूनच ती जिथे वापरली गेली नाही ती जागा बघण्यासारखी आहे.

ब्युप्रोपिऑन एक्सएल १५० आणि ३०० अशा दोन मात्रांत येतं. निरोगी स्वयंसेवकांना ३०० मिलिग्रॅम द्यायचं म्हणजे फिटचा धोका पत्करायचा, असं एफडीएचं त्या वेळचं मत होतं. म्हणून रक्तातली चाचणी १५०वर करून घेतली आणि तिच्यावरून ३००ला मान्यता दिली. दोन्ही गोळ्यांतले घटक एकाच प्रमाणात असतील तर असा अंदाज बांधण्याची रूढ पद्धतही होती.

दीडशेला सारखी असलेली गोळी तीनशेलाही सारखी असेलच का? घरचा दाखला घ्या. गुळाचे दोन छोटे खडे एका पातेल्यातल्या दुधात टाका आणि तेवढ्याच वजनाचा एक मोठा खडा दुसऱ्या पातेल्यात. गूळ तोच, वजन तेच, पण मोठा खडा मागे रेंगाळतो, कारण वजनाच्या मानाने त्याचा दुधाला लागणारा पृष्ठभाग कमी असतो. हळू सुटणाऱ्या गोळीचं सगळं कसब या पृष्ठभागात आणि लगद्यात असतं. ताबडतोब विरघळणाऱ्या साध्या गोळीला हा अंदाज सहज लावता येतो. एक्सएलसारख्या गोळीला तो लावणं म्हणजे तपासायची गोष्ट गृहीत धरणं.

त्यात भर म्हणून, मूळ उत्पादक बायोवेलने डिसेंबर २००५मध्ये एफडीएकडे याचिका केली होती की या जेनेरिकसाठी जास्त कडक चाचण्या लावा. एफडीएने १४ डिसेंबर २००६ला तिच्यातल्या बहुतेक मागण्या फेटाळल्या आणि त्याच सुमारास मान्यता दिल्या. बायोवेलची बाजू धरायची माझी इच्छा नाही. ब्रँड कंपन्या अशा याचिका स्पर्धा लांबवायला वापरतात हे उघड गुपित आहे. पण रोज 'लांडगा आला' ओरडणाऱ्याच्या ओरडण्याकडे दुर्लक्ष करायची सवय लागली, की कळपाकडे बघायचं राहून जातं. याचिका कोणी केली यापेक्षा ३००ची गोळी कोणाच्या रक्तात मोजली आहे का, हा प्रश्न मोठा होता. उत्तर 'नाही' होतं.

अडचण

१ जानेवारी ते ३० जून २००७ या सहा महिन्यांत एफडीएकडे ८५ जणांच्या तक्रारी पोचल्या. सगळ्यांची गत एकसारखी होती. वेलब्युट्रिन एक्सएल ३००वर बरं चाललं होतं, तेवाच्या गोळीवर आल्यावर बिघडलं. बहुसंख्य जणांनी नैराश्य परत आल्याचं कळवलं. निम्म्याहून जास्त जणांना नवे त्रास झाले होते किंवा जुने वाढले होते. काहींनी मूळ गोळी पुन्हा सुरू केल्यावर बरं वाटल्याचंही नोंदवलं होतं.

याच काळात औषधांवर वृत्तपत्रात सदर लिहिणाऱ्या एका दांपत्याकडेही अशाच पत्रांचा ढीग जमत होता. त्यांनी कन्झ्युमरलॅब या खासगी तपासणी संस्थेला गोळ्या तपासायला सांगितलं. ऑक्टोबर २००७मध्ये निकाल आले. प्रयोगशाळेतल्या द्रवात मूळ गोळीने पहिल्या दोन तासांत ८ टक्के औषध सोडलं होतं, ब्युडेप्रिऑनने ३४ टक्के.

असा आकडा समोर आला की माणूस लगेच गोष्ट रचतो : गोळी लवकर सुटते, म्हणून सकाळी त्रास आणि संध्याकाळी औषध संपलेलं. एफडीएचं म्हणणं होतं की पेल्यातलं विरघळणं म्हणजे रक्तातलं पोचणं नव्हे. वेगवेगळ्या घडणीच्या गोळ्यांना विरघळण्याच्या वेगवेगळ्या कसोट्या लावलेल्या असतात, तेव्हा एका कसोटीवर दोघींना ताडून निष्कर्ष काढू नये. शास्त्र म्हणून हे बरोबरच होतं. फसवं एवढंच की पेल्यातली चाचणी नाकारताना हातात रक्तातली चाचणी असायला हवी होती, आणि ३००साठी ती नव्हती.

दुसरा निर्णय : तक्रारीचं काय करायचं

२००७च्या उत्तरार्धात एफडीएसमोर कोणकोणते पर्याय होते, ते आज मागे वळून मांडता येतात. हा माझा ताळेबंद आहे, त्यांच्या टिपणीतला नाही.

एक, काही न करणं. ऐंशी-नव्वद तक्रारी लाखो चिठ्ठ्यांच्या मानाने किरकोळ ठरतात, आणि प्रत्येक नव्या जेनेरिकनंतर काही तक्रारी येतातच. दोन, गोळी तडकाफडकी मागे घेणं. पुरावा नसताना तसं केलं तर न्यायालयात टिकलं नसतं, आणि चांगल्या जेनेरिकवरचाही विश्वास उडाला असता. तीन, गोळी बाजारात ठेवून 'एबी' शेरा तेवढा काढणं, म्हणजे केमिस्ट आपणहून बदल करू शकणार नाही. चार, कंपनीला ३००वर अभ्यास करायला लावणं. पाच, तो अभ्यास स्वतः करणं.

एफडीएने चौथा धरला. तेवा आणि इम्पॅक्सला सांगितलं की ज्यांनी तक्रार केली अशा रुग्णांमध्ये ३००च्या दोन्ही गोळ्या ताडून बघा. त्याच वेळी, एप्रिल २००८मध्ये, आपला आढावाही जाहीर केला. त्यात म्हटलं होतं की ब्युडेप्रिऑन हे वेलब्युट्रिन एक्सएलला समतुल्य आहे. तक्रारींचं संभाव्य कारण म्हणून नैराश्याच्या चढउताराच्या स्वभावाकडे बोट दाखवलं होतं. आजार मुळात येतो-जातो, गोळी बदलली त्याच सुमारास तो परत आला असेल.

या उत्तराची मला खरोखर अडचण वाटते, आणि ती उत्तर चुकलं म्हणून नाही. ते शक्य होतं. नैराश्य परततं. नव्या रंगाची गोळी बघून धास्ती बसते, आणि धास्तीने अंगावर खरे त्रास येतात. मानसोपचारात काम करणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं. अडचण अशी की या उत्तराला खोटं ठरवायची सोय रुग्णाकडे नसते. रक्तदाबाची गोळी बदलून दाब वाढला तर पट्टा बांधून आकडा दाखवता येतो. साखरेचं तसंच. नैराश्याच्या गोळीत मोजमापाचं यंत्र म्हणजे तो रुग्ण स्वतः, आणि त्याच यंत्रात बिघाड आहे असं गृहीत धरलं तर त्याचं कोणतंही वाचन मोजलं जात नाही. 'तुमचा आजारच असा आहे' हे वाक्य निदान म्हणून बरोबर असू शकतं. तपास बंद करायला ते वापरलं की मात्र ते पळवाट होतं.

आढाव्यात समतुल्यतेचा जो दाखला दिला तो अर्थातच १५०च्या चाचणीचा होता. तक्रारी ३००च्या होत्या.

प्रत्यक्षात काय झालं

कंपनीचा अभ्यास सुरू झाला आणि रखडला. अट होती की तक्रार केलेल्या रुग्णांनीच भाग घ्यावा. आता विचार करा, ज्या गोळीवर माणूस महिनाभर अंथरुणात पडून होता, बाहेर आला, मूळ गोळीवर सावरला, त्याला सांगायचं की पुन्हा ती गोळी घेऊन बघू या. कोण येईल? पुरेशी माणसं मिळाली नाहीत आणि २०११च्या अखेरीस अभ्यास गुंडाळला गेला. अभ्यासाचा आराखडा कागदावर सगळ्यांत नेमका होता. तो पुरा होण्याची शक्यता सगळ्यांत कमी होती.

दरम्यान २०१०मध्ये एफडीएने पाचवा पर्याय हाती घेतला आणि स्वतःच्या खर्चाने अभ्यास लावला : २४ निरोगी स्वयंसेवक, ३०० मिलिग्रॅम, एकदा ही गोळी आणि एकदा ती. ज्या भीतीपोटी २००६मध्ये ही चाचणी टाळली होती, तीच चाचणी आता त्याच मात्रेत केली गेली. मधल्या काळात औषधाचा अनुभव वाढला होता आणि निरोगी माणसाला ३००चा डोस देणं काळजी घेऊन करता येतं असं मत बनलं होतं. पण हे मत बनायला इतकी वर्षं का लागावीत, कळत नाही.

ऑगस्ट २०१२मध्ये निकाल हाती आला. ब्युडेप्रिऑन एक्सएल ३००मुळे रक्तातलं शिखर मूळ गोळीच्या सरासरी ७५ टक्केच गाठत होतं. एकूण पोचणारं औषध ८६ टक्के, आणि त्याच्या अनिश्चिततेच्या पट्ट्याचं खालचं टोक ८०च्या खाली. दोन्ही कसोट्यांवर गोळी नापास.

इथे एक गंमत आहे, आणि ती सहसा सांगितली जात नाही. पेल्यातल्या चाचणीवरून सगळ्यांनी रचलेली गोष्ट अशी होती की औषध भसकन सुटतं, म्हणजे रक्तातलं शिखर मूळ गोळीपेक्षा उंच असणार. निघालं उलट. शिखर खालीच होतं. म्हणजे गोळी वेगळी आहे हा ग्राहकांच्या बाजूचा संशय खरा ठरला, पण कशी वेगळी आहे याबद्दलची त्यांची गोष्ट जशीच्या तशी उतरली नाही. एफडीएचं 'पेला म्हणजे रक्त नव्हे' हे वाक्यही खरं ठरलं, आणि त्या वाक्याच्या आधारे त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकला. दोघांनाही थोडं थोडं बरोबर म्हणता येईल अशी ही स्थिती आहे.

निष्पत्ती

३ ऑक्टोबर २०१२ला एफडीएने जाहीर केलं की ब्युडेप्रिऑन एक्सएल ३०० हे वेलब्युट्रिन एक्सएल ३००ला समतुल्य नाही. इम्पॅक्सने त्या मात्रेची मान्यता मागे घेण्याची विनंती केली, तेवाने पुरवठा थांबवला, आणि यादीतला शेरा 'एबी'वरून 'बीएक्स', म्हणजे समतुल्यता सिद्ध न झालेली, असा झाला. दीडशेच्या गोळीला धक्का लागला नाही. तिची चाचणी झालेलीच होती.

३००च्या आणखी चार जेनेरिक गोळ्याही १५०च्याच आधारावर मान्य झालेल्या होत्या. त्या अँचेन, अ‍ॅक्टाव्हिस, वॉटसन आणि मायलन या कंपन्यांच्या. एफडीएने चौघांना ३००वर चाचणी करून मार्च २०१३पर्यंत आकडे द्यायला सांगितलं. वॉटसनची गोळी नापास झाली आणि तीही मागे घेतली गेली. बाकीच्या तीन टिकल्या. पाचांतल्या दोन चुकल्या हे वाचून जितकं दचकायला होतं, तितकंच हेही बघावं की तिघींच्या बाबतीत १५०वरून बांधलेला अंदाज बरोबर निघाला होता. अंदाज नेहमी चुकतो असं नाही. तो कुठे चुकला हे मोजल्याशिवाय कळत नाही, एवढंच.

नियमावलीतही बदल झाला. हे औषध मान्यतेआधी कसं तपासावं याबद्दलचं कंपन्यांसाठीचं मार्गदर्शन एफडीएने नव्याने लिहायला घेतलं.

२०१९मध्ये सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नैराश्याच्या रुग्णांना ब्युप्रोपिऑन एक्सएल ३००चा ब्रँड आणि बाजारात टिकलेली जेनेरिकं आळीपाळीने दिली, कुठली कधी ते न सांगता. रक्तातली पातळी सारखी निघाली. नैराश्याच्या मोजमापात फरक निघाला नाही, आणि कोणती गोळी चालू आहे हे रुग्णांना ओळखता आलं नाही. हा निकाल २०१२च्या निकालाशेजारी ठेवून वाचायला हवा. जेनेरिक बदलल्यावर बिघडल्याची तक्रार कधी गोळीची असते आणि कधी नसते. बाहेरून दोन्ही तक्रारी अगदी सारख्या दिसतात, म्हणून ऐकून निवाडा करता येत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट २००६ची. धोक्यामुळे मोठी मात्रा तपासता येत नसेल तर तसं स्पष्ट नोंदवून मान्यता द्यायला हवी होती : ३००चा निष्कर्ष १५०वरून काढलेला आहे. ही एक ओळ डॉक्टरांच्या हाती असती तर २००७मधल्या पहिल्या दहा तक्रारींचं वाचन वेगळं झालं असतं. निरोगी माणसांऐवजी आधीपासून ३००वर असलेल्या रुग्णांच्या रक्तात मोजणं, हाही मार्ग होता. ते रोज तेवढी मात्रा घेतच असतात, नवा धोका जवळपास काही नाही.

दुसरी गोष्ट २००८ची, आणि माझ्या मते हीच खरी चूक. न तपासलेल्या मात्रेची चाचणी लावली होती, म्हणजे शंका होती. मग तिचा निकाल येण्याआधी 'समतुल्य आहे' असा जाहीर आढावा का द्यावा? 'तपास चालू आहे, निकाल येईपर्यंत डॉक्टरांनी वाटल्यास मूळ गोळीवर ठेवावं' एवढं म्हणता आलं असतं. त्या आढाव्यामुळे पुढची चार वर्षं प्रत्येक डॉक्टरकडे, प्रत्येक विमा कंपनीकडे रुग्णाला द्यायला एक छापील उत्तर होतं. ज्यांना मूळ गोळी हवी होती त्यांनी ती स्वतःच्या खिशातून घेतली किंवा सोडून दिली.

तिसरी गोष्ट अभ्यासाच्या आराखड्याची. तक्रारदारांनाच पुन्हा त्या गोळीवर आणण्याची अट चौकशीला अचूक, पण माणसांना न परवडणारी होती. २४ निरोगी माणसांचा साधा अभ्यास काही महिन्यांचा होता. तो २००७मध्येच लावला असता तर बहुधा २००८च्या अखेरीस या लेखाचा विषय संपला असता.

कंपन्यांबद्दल मी कमी लिहिलं आहे. त्यांनी सांगितलेली चाचणी केली, मिळालेल्या परवानगीनुसार विकलं. मागण्याआधीच ३०० तपासायची त्यांना सक्ती नव्हती, आणि १८० दिवसांच्या शर्यतीत कोणी थांबून स्वतःहून आणखी एक चाचणी करत नाही. शर्यत तशी आखली आहे.

आपल्याकडून बघताना

भारतात हे चित्र थोडं वेगळं दिसतं. २००५पर्यंत आपल्याकडे औषधाच्या रेणूला पेटंट मिळतच नव्हतं, फक्त बनवण्याच्या प्रक्रियेला मिळायचं. त्यामुळे एकाच रेणूची डझनावारी नावं बाजारात असण्याची आपल्याला सवय आहे, आणि 'पेटंट संपलं, जेनेरिक आलं' असा एक ठळक दिवस जुन्या औषधांच्या बाबतीत आपण पाहिलेलाच नाही. आपल्याकडे बदल होतो तो दुकानातल्या साठ्यामुळे, डॉक्टर बदलल्यामुळे, किंवा घरातलं कुणी जनऔषधी केंद्रातून स्वस्त गोळी आणल्यामुळे. स्वस्त गोळी आणणं चुकीचं नाही. मानसोपचाराची औषधं वर्षानुवर्षं घ्यावी लागतात आणि कित्येक घरांत ती केवळ पैशापायी बंद पडतात.

हळू सुटणाऱ्या गोळ्यांना २०१९च्या नियमांनुसार आपल्याकडे कायमच नवं औषध समजलं जातं, म्हणजे त्यांची परवानगी केंद्रीय यंत्रणेकडून घ्यावी लागते. नियमात हा भेद आहे. दुकानातल्या काउंटरवर मात्र एक्सएल, एसआर आणि साधी गोळी यांतला फरक कित्येकदा नावाच्या शेपटीइतकाच उरतो. ब्युप्रोपिऑनच्या गोष्टीत तर तोच सगळा फरक होता.

या प्रकरणातल्या ८५ जणांच्या तक्रारी उपयोगी पडल्या, कारण त्यांत उत्पादकाचं नाव, मात्रा आणि गोळी बदलल्याचा काळ होता. आपल्याकडच्या मानसोपचाराच्या फाइलींत बहुतेक वेळा रेणूचं नाव आणि मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, स्ट्रिप कुठल्या कंपनीची ते नसतं. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात उत्पादक आणि विक्रेता ही दोन वेगळी नावं असतात, आणि ब्रँडचं नाव तेच राहूनही उत्पादक बदलू शकतो. दोन महिन्यांनी रुग्ण 'गोळी बदलल्यापासून...' असं सांगायला लागला, की तेव्हा कोणती गोळी होती हे शोधायला डॉक्टरकडे काही उरत नाही.

नंतरचं एक प्रकरण

एकाग्रतेच्या विकारासाठी वापरलं जाणारं मिथिलफेनिडेट, त्याची कॉन्सर्टा ही दिवसभर चालणारी गोळी. तिच्या दोन जेनेरिकांना, मॅलिंक्रॉट आणि कुडको या कंपन्यांच्या, २०१२ आणि २०१३मध्ये मान्यता मिळाली. तक्रारी सुरू झाल्या : गोळी दुपारपर्यंतच टिकते. या वेळी एफडीएने स्वतःच तपासलं. नोव्हेंबर २०१४मध्ये दोन्ही गोळ्यांचा शेरा 'एबी'वरून 'बीएक्स' केला आणि कंपन्यांना सांगितलं की एक तर समतुल्य असल्याचं दाखवा, नाही तर माल मागे घ्या. मॅलिंक्रॉट न्यायालयात गेली. मान्यता काढून घेण्याची औपचारिक प्रक्रिया सुरू व्हायलाच २०१६ उजाडलं. तोवर गोळी बाजारात होती, डॉक्टरला हवी असेल तर ती लिहिता येत होती, पण केमिस्टला ती कॉन्सर्टाच्या जागी आपणहून देता येत नव्हती. २००७मध्ये हाताशी असून न वापरलेला तिसरा पर्याय तो हाच. पहिल्या मान्यतेपासून तो वापरात यायला या वेळी दोन वर्षांहूनही कमी काळ लागला.